अंदमान: जॉली बॉय बेटावर जावं का? सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा, पोहता कुणालाच येत नाही

डोंबिवलीकरीण

मंडळी नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंदमानला चाललोय. मी, नवरा, मुलगा (वय ९) आणि सासूबाई (६८, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आम्हा दोघांपेक्षा जास्त). सासूबाईंना सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायची आहे, ते झालं की बाकी कुठेही न्या म्हणतात. मुलाला मात्र खरं कोरल (प्रवाळ) आणि तो केशरी-पांढरा क्लाउनफिश बघायचाय, त्याने शाळेत प्रोजेक्ट केला होता तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे.

आता प्रश्न असा की टूरवाल्याने आयटिनररीत "जॉली बॉय किंवा नॉर्थ बे" असं गुळमुळीत लिहिलंय, आणि फोन केला की म्हणतो मॅडम जॉली बॉय लांब पडतं, परमिटची कटकट आहे, बॅगा उघडून बघतात, पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत, त्यापेक्षा नॉर्थ बे करा, तेच कोरल आणि तेच मासे. खरंच तेच का? पोहता न येणाऱ्याला तिथे जाऊन काही दिसतं का? आणि सासूबाईंना झेपेल का? जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा. नेटवरच्या फोटोंवर माझा विश्वास नाही, सगळे एडिट केलेले वाटतात.

भटक्या_नाशिककर

ताई, आधी तारखेचं बघा. जॉली बॉय वर्षभर उघडं नसतं. वंडूरला जे महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क आहे (१९८३ साली झालं, १५ बेटं, जवळपास २८१ चौ. किमी, त्यातलं बरंचसं पाणीच) त्यातल्या फक्त दोनच बेटांवर आपल्यासारख्यांना सोडतात, एक जॉली बॉय आणि दुसरं रेड स्किन, आणि तीही आळीपाळीने. साधारण नोव्हेंबर मध्यापासून मेपर्यंत जॉली बॉय आणि पावसाळ्याच्या बाजूला रेड स्किन. अदलाबदलीची तारीख वनखातं ठरवतं, थोडी पुढेमागे होते. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला बहुतेक रेड स्किनच मिळेल, आणि टूरवाला जॉली बॉय लिहून मोकळा झालाय, त्याला हे माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. सोमवारी पार्क बंद, हेही बघून ठेवा, नाहीतर तो नेमका सोमवार टाकेल आणि ऐनवेळी "बंद आहे मॅडम, नॉर्थ बे करू".

नॉर्थ बे वाईट नाही. पोर्ट ब्लेअरहून बोटीने थोड्याच वेळात पोचता, जुन्या २० च्या नोटेवर जे दीपगृह आणि माडांचं दृश्य होतं ना ते तिथलंच. पण तिथे जेट स्की, सी वॉक, खाण्याच्या टपऱ्या, गर्दी, सगळं एकत्र. टूरवाल्याला तिथे प्रत्येक ॲक्टिव्हिटीवर कमिशन मिळतं आणि वंडूरला फारसं काही मिळत नाही, यावरून काय ते समजा.

वंडूर पोर्ट ब्लेअरपासून २५-३० किमी. सकाळी लवकर निघा, बोटी सकाळीच सुटतात आणि दुपारी परत. तसंही तिथे दिवस लवकर उजाडतो, घड्याळ आपलंच पण बेट इतकं पूर्वेला की नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे "संध्याकाळी निवांत करू" हा प्रकार तिथे चालतच नाही. परमिट आधी काढून ठेवा, रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, ओरिजिनल आयडी सगळ्यांचं लागतं. परमिटचे पैसे वेगळे आणि बोटीचे वेगळे.

कट्ट्यावरचा_बंड्या

मी दुसरी बाजू सांगतो, मग शिव्या घाला.

जॉली बॉयला गेलो होतो, सकाळी उठून, बॅगेतून वेफर्सची पाकिटं काढून घेतली, पाण्याची बाटली काढली, त्यांच्याकडून डिपॉझिट भरून पाणी घ्यायचं, बोटीत तासभर, तिथे पोचल्यावर दुसऱ्या छोट्या बोटीत उतरायचं, बेटावर चहासुद्धा मिळत नाही. ठीक आहे, म्हटलं एवढं केलं तर आत काहीतरी भारी असणार. तळाला काच असलेल्या बोटीतून खाली बघतोय तर काय, सगळं उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचं! फोटोत जांभळं, गुलाबी, निळं दाखवतात, तसलं काही नाही. मासे होते, नाही म्हणत नाही, पण काचेची फेरी इतकी छोटी की डोळे सरावतात तोवर संपली, जास्त बघायचं तर पुढे पैसे. मुलं कंटाळली. त्यापेक्षा हॅवलॉक बेटावर एलिफंट बीचला मजा आली, निदान वडापाव नाही तरी मॅगी मिळाली.

माझं मत, सासूबाईंना घेऊन एवढी यातायात करू नका.

खारवी_मालवण

बंड्याभाऊ, बेटावर चहा मिळत नाही म्हणूनच तिथे कोरल आहे हो.

आमच्याकडे मालवणातही मरीन सँक्च्युरी आहे, १९८७ ची, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या आजूबाजूचं पाणी त्यात येतं, २९ चौ. किमीच्या आसपास. पण किती लोकांना माहीत आहे की आपण स्नॉर्कलिंगला उतरतो ते संरक्षित क्षेत्र आहे? इथे मच्छीमारांचा त्याला विरोध होता, आजही नाराजी आहे, कारण त्यांना न विचारता कागदावर रेघ मारली, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, माझंच घर त्यातलं आहे. पण पर्यटकांच्या बाबतीत बोलायचं तर वंडूरला जी शिस्त आहे ती इथे नाही. इथे मी बघतो, लोक लाइफ जॅकेट घालून उतरतात, घाबरले की पाय खाली सोडतात आणि सरळ कोरलवर उभे राहतात. गाइड ओरडतो तोवर तुटलेलं असतं. ब्रेडचे तुकडे टाकून मासे जमवायचे आणि त्यांच्यासोबत व्हिडिओ काढायचा, हा वेगळाच धंदा.

ताई, तुम्ही जा. पण मुलाला आधीच सांगून ठेवा, पाय खाली टेकायचा नाही, दम लागला तर पाठीवर उलटं व्हायचं आणि तरंगायचं, जॅकेट बुडू देत नाही. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, दर्याशी मस्ती करुची नाय. तेवढं पाळलं की पोहता येत नसलं तरी चालतं, गाइड रिंग धरून ओढत नेतो, तोंड पाण्यात घालून बघत राहायचं एवढंच काम.

आणि आधी सरावाला मालवणला यायचं असेल तर पावसाळा सोडून कधीही या, मात्र पाणी तिथल्यासारखं काचेसारखं स्वच्छ मिळेलच असं नाही, आमच्याकडे नद्यांचा गाळ येतो.

प्रवाळवेडी

बंड्याचा "बटाट्याचा रंग" वाचून राहवलं नाही. मी डाइव्ह करते आणि थोडं शिकलेही आहे या विषयातलं, त्यामुळे जरा लांब लिहिणार, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

जिवंत कोरल बहुतेक वेळा तपकिरी, शेवाळी, पिवळसर असंच असतं. म्हणजे तुम्ही जे बघितलंत ते मेलेलं नव्हतं, धडधाकट होतं! कोरल हा प्राणी आहे, बारीक बारीक पॉलिप्स एकमेकांना चिकटून वसाहत करतात, आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं, तपकिरी रंग त्या शैवालाचा. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं तर कोरल ते शैवाल बाहेर टाकतं, मग आतला चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो, पांढराशुभ्र. त्याला ब्लीचिंग म्हणतात. दिसायला इतकं सुंदर दिसतं की लोक फोटो काढून "वॉव" लिहितात, आणि ते बिचारं उपाशी मरत असतं. पाणी लवकर थंड झालं तर शैवाल परत येतं आणि कोरल वाचतं, नाही झालं तर काही आठवड्यांत त्यावर दुसरंच गवताळ शेवाळ चढतं आणि खेळ संपला.

अंदमानात हे १९९८ ला झालं, २०१० च्या उन्हाळ्यात फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ ला पुन्हा. त्यामुळे तुम्हाला जॉली बॉयला मोडलेल्या फांद्यांचे ढीग दिसले तर ते सगळे पर्यटकांनी तोडलेले नसतात, फांद्यांचं कोरल तापलेल्या पाण्यात आधी जातं. गोल धोंड्यासारखं कोरल त्यामानाने चिवट, पण ते वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतं. म्हणजे दीड मीटरचा धोंडा दिसला तर तो पेशव्यांच्या नाही पण लोकमान्य टिळकांच्या काळातला असू शकतो, त्यावर पाय ठेवायच्या आधी एवढं आठवा.

दुसरं म्हणजे पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. काही मीटर खाली गेलं की लाल, केशरी सगळं करडं-निळं दिसायला लागतं. नेटवरचे फोटो फ्लॅश मारून काढलेले असतात म्हणून ते रंग. ताईंचा संशय अर्धा बरोबर आहे, रंग खोटे नसतात पण तुमच्या डोळ्याला तसे दिसणारही नाहीत. म्हणून मुलाला "रंग बघायला चाल" असं न सांगता "काय हालतंय ते बघ" असं सांगा. क्लाउनफिश शोधायचा तर आधी ॲनिमोन शोधायचा, तो तळाला चिकटून राहणारा फुलासारखा प्राणी, त्याचे बोटभर लांब झुबके पाण्यात डोलत असतात, त्यातच तो आत-बाहेर करतो, लांब जातच नाही. पॅरटफिश निळा-हिरवा असतो, तो कोरल खरडून खातो, डोकं पाण्यात असलं की त्याच्या दातांचा करकर आवाज खरंच ऐकू येतो, आणि जे खाल्लं त्यातला चुना तो मागून वाळू म्हणून सोडतो. जॉली बॉयच्या पांढऱ्या वाळूत त्याचा वाटा आहे. तुमच्या मुलाला हे नक्की आवडेल, नऊ वर्षांची मुलं या माहितीवर फार खूश असतात. नशीब असेल तर जायंट क्लॅम दिसेल, निळ्या-जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला, सावली पडली की मिटतो.

सनस्क्रीन शक्यतो लावूच नका, लांब बाह्यांचे स्विमिंगचे टीशर्ट घाला. काही सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेंझोन असतं, ते कोरलला घातक म्हणून पलाऊ आणि हवाईने अशा सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. आपल्याकडे अजून कोणी विचारत नाही, पण टीशर्ट स्वस्तही पडतो आणि पाठही भाजत नाही.

डोंबिवलीकरीण

बापरे, किती छान माहिती, सगळ्यांचे आभार! प्रवाळवेडी, तुझा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला, वाळूच्या भागाला तो पाच मिनिटं हसत होता आणि आता शाळेत सगळ्यांना सांगतोय.

तीन शंका राहिल्यात. एक, सासूबाईंना बोटीतून बोटीत उतरणं जमेल का. दोन, शिंपले गोळा केले तर चालतं का, मुलाने डबा भरून ठेवलाय, म्हणजे रिकामा ठेवलाय भरायला. तीन, नवऱ्याने कुठेतरी वाचलंय की तिथे मगरी असतात, तेव्हापासून तो शांत झालाय.

बदलीवर_पोर्टब्लेअर

मी सध्या इथेच आहे, मिस्टरांची बदली. मूळ सातारा. (गावाचं सरकारी नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्याला काहीही सांगा, तो नेतो.)

मगरी आहेत. खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. तिवराच्या खाड्यांतून राहतात आणि वंडूरच्या आजूबाजूला भरपूर तिवरं आहेत. वंडूर बीचवर बोर्ड लावलेत, तिथे पाण्यात उतरायचं नाही. २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगर बीचच्या कडेला स्नॉर्कलिंग करताना एका परदेशी तरुणीचा मगरीने जीव घेतला होता, त्यामुळे हे कोणी गमतीत घेत नाही. म्हणून जिथे गार्ड आणि गाइड सांगतात तिथेच उतरायचं, संध्याकाळी किंवा पहाटे खाडीच्या तोंडाशी उतरायचं नाही, बोर्ड दिसला की मागे. तुमच्या मिस्टरांना सांगा, जॉली बॉयला रोज माणसं उतरतात, वनखात्याची माणसं नजर ठेवून असतात, एवढं शांत व्हायची गरज नाही.

शिंपल्याचा डबा घरी ठेवा. पार्कमधून वाळूसुद्धा उचलायची नाही. कोरलचा मेलेला तुकडा असला तरी वन्यजीव कायद्यात तो येतो (दगडी कोरल सगळं २००१ पासून शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत), काही जातींचे शंख-शिंपलेही त्यात आहेत आणि कुठला चालतो कुठला नाही हे आपल्याला कळत नाही. एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये दिसतं, काढून घेतात, प्रकरण वाढलं तर वाढतं. शोपीस दुकानातून घेतलं तर बिल हातात ठेवा. मुलाला सांगा, त्या रिकाम्या शंखात हर्मिट क्रॅब नावाचे खेकडे राहायला येतात, इथल्या बीचवर इतके आहेत की चालताना बघून पाय ठेवावा लागतो. शंख नेला की एकाचं घर गेलं. माझ्या भाच्याला हे एकदम पटलं होतं, मोठ्यांना पटवायला वेळ लागतो.

आता सासूबाई. खरं सांगते, जॉली बॉयला बोट लावायला धक्का नाही. मोठी बोट लांब थांबते, तिथून छोट्या काचेच्या बोटीत उतरायचं, ती हलत असते, आणि मग किनाऱ्याजवळ पोटरीभर पाण्यात उडी. खलाशी दोन्ही हात धरतात, माझ्या आईला उतरवलं होतं नीट, पण तिचे गुडघे बरे आहेत. समुद्र खवळलेला असेल तर अवघड. साडी नको, पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅकपँट, आणि पायात मागे पट्टा असलेली सँडल, स्लिपर पाण्यात निघून जाते. बेटावर झाडाखाली सावली आहे, बसायला मिळतं, कपडे बदलायला आडोसा आहे, पण खायला काही नाही. पोळीभाजी स्टीलच्या डब्यात न्या, स्टीलची बाटली न्या, कापडी पिशवी न्या, मग गेटवर काहीच कटकट होत नाही. बंड्याभाऊंचे वेफर्स गेले कारण ते प्लास्टिकच्या पाकिटात होते, डब्यात काढले असते तर तेही गेले असते बोटीतून.

रेड स्किन मिळालं तरी हिरमुसू नका. ते वंडूरहून जवळ आहे, बोटीत कमी बसावं लागतं, सासूबाईंच्या दृष्टीने ते बरंच. पाण्याचा स्वच्छपणा जॉली बॉयइतका नसतो आणि पाऊस होऊन गेला असेल तर आणखी गढूळ, नोव्हेंबरात इथे ईशान्य मोसमीचा पाऊस असतोच अधूनमधून, त्यामुळे तो दिवस टूरच्या अगदी शेवटी ठेवू नका, मधे ठेवा म्हणजे बोटी बंद झाल्या तर हलवता येतो.

आणि वंडूरला जाताना ड्रायव्हरला सिप्पीघाटजवळ गाडी हळू करायला सांगा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे खारं पाणी साचलेलं दिसतं ती शेतं होती. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन साधारण मीटरभर खाली बसली आणि भरतीचं पाणी आत आलं ते आलंच. वर उत्तर अंदमानला उलटं झालं, तिथे जमीन उचलली गेली आणि कोरलचे पट्टे पाण्याबाहेर येऊन उन्हात मेले. एकाच बेटसमूहात दोन टोकांना दोन तऱ्हा. आम्ही इथे आलो तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मला वाटायचं पावसाचं पाणी आहे.

कट्ट्यावरचा_बंड्या

बरं बरं, वेफर्सवरून किती बोलाल. ते तपकिरी म्हणजे जिवंत हे मला गाइडने सांगितलं असतं तर मी पण वेगळ्या नजरेने बघितलं असतं, तो नुसता "सर ये देखो ब्रेन कोरल, सर ये देखो फिंगर कोरल" करत पुढे. वंडूरला एक माहिती केंद्र आहे ते बंद होतं की आम्ही घाईत बघितलं नाही, आठवत नाही. प्रवाळवेडी, तुम्हीच तिथे गाइड म्हणून जा.

तरी एक म्हणणं कायम. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर काचेच्या बोटीची मोठी फेरी आधीच बुक करा, छोट्या फेरीत पैसे फुकट.

प्रवाळवेडी

मोठी फेरी +१. आणि बोटवाल्याला आधीच विचारा भरती कधी आहे. ओहोटीला कोरल पृष्ठभागाच्या इतकं जवळ येतं की नवख्याचे गुडघे घासतात, तुमचेही सोलतात आणि कोरलचेही. भरतीला तरंगायला सोपं.

अवांतर: डुगाँग (समुद्री गाय) दिसेल का असं मुलगा विचारेल, कारण तो अंदमानचा राज्यप्राणी आहे आणि प्रोजेक्टमध्ये नक्की असणार. समुद्रगवत खातो, फार लाजाळू, दिसणं म्हणजे लॉटरी. आधीच सांगून ठेवा.

डोंबिवलीकरीण

टूरवाल्याला आज फोन केला. रेड स्किन शब्द उच्चारल्यावर तो दोन सेकंद गप्प झाला, मग म्हणाला "मॅडम तुम्ही आधी जाऊन आलायत का?" :) शेवटी बुधवार ठरला, तिसरा दिवस, परमिटचं काम त्याच्याकडून लेखी घेतलंय. सासूबाई म्हणतात मी उतरणार, नाही जमलं तर काचेच्या बोटीतच बसून राहीन, पण हॉटेलात बसणार नाही. स्टीलच्या बाटल्या आमच्याकडे ढीगभर आहेत.

एक शेवटचं, मुलाला चष्मा आहे, उणे साडेतीन. स्नॉर्कलिंगच्या मास्कमध्ये चष्मा बसतो का?

खारवी_मालवण

नाही बसत. काड्यांमुळे मास्कची कड चेहऱ्याला चिकटत नाही आणि पाणी आत येतं. नंबरचा मास्क मिळतो, आमच्या इथे काही जणांकडे असतात पण लहान मुलांच्या मापाचा क्वचित. मुंबईत डाइव्हिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, दोन्ही डोळ्यांना तयार नंबरच्या काचा बसवून देतात, अर्धा नंबर कमी असला तरी चालतो कारण पाण्याखाली सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसतं. घरी बादलीत तोंड घालून आधी बघू दे, गळत असेल तर तिथेच कळेल.